पुस्तकांवर टाकलेली घोंगडी

"खा गं, खा! मेंढरंच ना तुमी? लई गोड लागंल!"

असं म्हणत वाचनालयाच्या अध्यक्षाच्या पुतण्यानं फाडलेलं पान माझ्या तोंडात कोंबलं. सगळ्या मजुरांदेखत. एका हातानं जबडा दाबलेला, दुसऱ्यानं कागद आत ढकलतोय. ओठ दातावर चिरला. कागद आन् रगत, दोन्ही तोंडात.

काय गुन्हा होता माझा?

शहरातलं बंद पडलेलं वाचनालय पुन्हा उघडायचं होतं. नवी फरशी, नवा गिलावा. मी आन् माझी आई तिथं घमेली उचलायला. आमी मेंढरं राखणारी माणसं. वडवणी ते तेलगाव, रानारानात खतासाठी मेंढरं बसवण्यात माझं लहानपण गेलं. शाळा तुटत तुटत बारावीपर्यंत आणली. वाचायचं येड काही गेलं न्हाई.

आतली सगळी पुस्तकं अंगणात रचलेली. दुपारी अवकाळी पाऊस आला. कमिटीची माणसं पोर्चमधी पळाली. ताडपत्री कुलपात. मी बापाची घोंगडी आणली आन् ढिगावर टाकली. कोकरू भिजायला लागलं की आमी हेच करतो. घोंगडी पुरंना, तिथं मीच आडवी झाले. पाऊस थांबल्यावर एक पुस्तक उघडून बघितलं, भिजलं का म्हणून. दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात पुतण्या आला.

"कुणी टाकली ही घाण? सगळ्या पुस्तकांना मेंढराचा वास! आन् वाचतीय बघा, म्हाराणी!"

पुस्तक हिसकलं. पान त्यानंच फाडलं.

गवंड्याची थापी पायाशी पडलेली. उचलली आन् त्याच्या कानशिलावर हाणली. खडीवर पडला. उठायला लागला तशी अजून एक. रगताची धार लागली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मुकादम पळत आला. "पाय धर मालकाचे! न्हाईतर पोलिसात देतो."

"द्या. पान कुणी फाडलं ते बी सांगते तिथं."

आई रडत खाली वाकली, माझ्या वाटणीचे पाय धरायला. मी तिचा दंड धरून तिला उभी केली. जोरात ओढली, तिला दुखलं असंल. पण वाकू दिलं न्हाई. आमचं काम त्याच दिवशी गेलं. पोलीस काही आले न्हाईत.

वाचनालय उघडलं. फीत कापली, हारतुरे झाले. दुसऱ्या दिवशी मी सभासद व्हायचा अर्ज भरून नेला. म्हातारे ग्रंथपाल खाली मान घालून म्हणले, "बाई, जुन्या सभासदाची सही लागते. तुमच्या वस्तीतलं कुणी हाय का सभासद?"

"एक बी न्हाई."

"मग कसं करायचं?"

मागं पुतण्या उभा. डोक्याला पट्टी. "हाकला तिला," म्हणला. पुढं मात्र आला न्हाई.

अर्ज टेबलावर ठेवून आले. कमिटीवाल्यांनी तो फाडला. मी दुसरा भरला. आज चौथा भरलाय, उद्या पाचवा. अंगाला हात लावला तर परत हाणीन, तुरुंगात गेले तरी चालंल. कुणाच्या दारात सही मागायला जाणार न्हाई. नियम बदला, न्हाईतर तो मोडून मला आत घ्या. आन् एकदा का मी सभासद झाले, की आमच्या वस्तीतल्या एकेका पोरीच्या अर्जावर सही माझी असंल. बघतेच कोण अडवतो.