हिरव्या स्केचपेनच्या खुणा

मुलीच्या अंगात रक्त कमी आहे, हे आम्हाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळलं. आठ वर्षांची पोर. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि भिंतीच्या रंगाच्या खपल्या काढत उभी राहायची. मला वाटायचं, नाटकं करतेय. ‘चल गं, रेंगाळू नकोस’ म्हणत मी तिला दंडाला धरून वर ओढलंय. एकदा नाही, पुष्कळदा. रिपोर्टवर हिमोग्लोबिन साडेआठ दिसलं, तेव्हा मला सगळ्यात आधी तो जिना आठवला आणि माझीच मला चीड आली.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “लोहाचं औषध रोज, रिकाम्या पोटी. पालेभाज्या, खजूर, नाचणी, वरून लिंबू. महिन्याने पुन्हा तपासू. वाढलं नाही, तर मात्र दाखल करून सलाइनमधून लोह द्यावं लागेल.”

सलाइन शब्द ऐकताच पोरीने माझी ओढणी मुठीत धरली. रक्त काढायलाच तिला दोघींनी धरून ठेवावं लागलं होतं. घरी येईपर्यंत रिक्षात तिने एकच प्रश्न चार वेळा विचारला, “सगळं खाल्लं तर सुई नाही ना?” मी म्हटलं, “नाही. सगळं खाल्लंस तर नाही.” शब्द देऊन बसले.

आता मी कोण, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या आम्ही बनवतो. दर तासाला माप घ्यायचं आणि चेकशीटवर खूण करायची, असा नियम. ऑपरेटर काय करतात, तर दिवसभर शीटकडे बघत नाहीत आणि शिफ्ट सुटायच्या आधी पाच मिनिटांत आठही तासांच्या खुणा ओढून मोकळे होतात. ते पकडणं हे माझं काम. एकच पेन, एकच तिरका झोका, एकसारखा दाब. लांबून बघितलं तरी मला कळतं की हे माप घेतलेलंच नाही. “ताई, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?” असं मला लाइनवर विचारतात. मला त्याचा अभिमान होता, खोटं का बोला.

तर मी घरी चेकशीट केली. फ्रिजवर मोठा कागद, आडवे तीस दिवस, एकाखाली एक सहा ओळी: औषध, पालेभाजी, लिंबू, लाडू, नाचणी, फळ. खाल्लं की पोरीने स्वतः खूण करायची. तिने त्यासाठी हिरवा स्केचपेन निवडला.

लाडवांवरून पहिल्याच दिवशी सासूबाईंशी वाजलं. त्यांना मी आत्या म्हणते, त्यांच्या घरात सुना तसंच म्हणतात. रहाटणीतलं जुनं शेतकरी घराणं. शेतं गेली, इमारती आल्या, पण आत्यांची मतं तिथेच उभी. मी अळीव भिजत घातलेले बघून त्या दारातच थबकल्या.

“अळीव? ह्या उन्हात? पोरीच्या नाकातून रगत येईल. आदीच हाय त्ये कमी.”

“आत्या, डॉक्टरांनी लोह सांगितलंय.”

“डाक्टरला काय ठावं उष्ण-थंड? बाळंतिणीचा लाडू हाय त्यो.”

शेवटी अळीव डब्यात परत गेले आणि खजूर-शेंगदाण्याचे लाडू ठरले. पण त्या दिवसापासून मनात एक किडा वळवळायला लागला. मी पहाटे कंपनीच्या बसने जाते. नवरा हिंजवडीला, तो ट्रॅफिकमधून सुटेल तेव्हा घरी. म्हणजे दिवसभर पोर आत्यांच्या हाती. त्या लाडाने खारी-बिस्किटं देत नसतील कशावरून?

औषध मात्र मी कुणावर सोडलं नाही. चारला घरी पोचायचं, हात धुवायचे आणि स्वतःच्या हाताने चमचा भरायचा. दुपारचं जेवण उतरलेलं, पोट रिकामं, सगळं नियमात. ती नाक दाबून प्यायची, जीभ बाहेर काढून दाखवायची, खूण करायची. मग मी आमच्या दोघींचा चहा टाकायचे. माझा कपभर, तिचा अर्धा, दुधाळ. दोघी बाल्कनीत मांडी घालून बशीत ओतून फुंकर मारत प्यायचो आणि ती दिवसभराचं सगळं सांगायची. अख्ख्या दिवसात आमच्या दोघींची म्हणावी अशी तीच पंधरा मिनिटं.

बाकी तो महिना वाईट नव्हता, असं आता म्हणता येतं. नाचणीच्या घावनावर काकडीचे डोळे आणि बीटाचं तोंड लावून आम्ही बाबांचा चेहरा केला, मग बाबांचा कान खायचा कुणी यावर भांडणं झाली. कलिंगड कुस्करून त्यात लिंबू पिळून स्टीलच्या पेल्यांत भरायचं, मध्ये चमचा उभा करायचा आणि फ्रीझरमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पेला नळाखाली धरला की चमच्यासकट लालभडक कांडी बाहेर. ती दर दहा मिनिटांनी फ्रीझर उघडून बघायची आणि मी ओरडायचे. गूळ घातलेलं पन्हं तिला आवडलं. माठाची भाजी घशाखाली उतरत नव्हती, तरी ती डोळे मिटून गिळायची. रविवारी मी समोर बसून बघितलंय ते. पण रविवार एकच, बाकीचे सहा दिवस मी बघायला नव्हते.

मे महिन्यात पुन्हा रक्त दिलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. मी स्वयंपाकघरात उभी होते, समोरच फ्रिज. आकडा आठ पॉइंट सहा. महिनाभरात कणभर फरक. मान वर केली तर तक्ता दिसला. तीस दिवस, सहा ओळी, एकही घर रिकामं नाही. सगळीकडे हिरव्या खुणा. एकच पेन, एकच तिरका झोका, एकसारखा दाब.

मग डोकं भणाणलं. मी तो कागद फ्रिजवरून ओढून काढला, तो मधोमध फाटला, आणि बाहेर चित्र रंगवत बसलेल्या तिच्यासमोर तसाच धरला.

“एकदम बसून केल्यास ना ह्या खुणा?”

तिला आधी प्रश्नच कळला नाही. “नाही. रोज केल्या.”

“खोटं बोलू नकोस. हे मी रोज बघते कंपनीत. मला शिकवतेस? सगळं खाल्लं असतंस तर रक्त वाढलं असतं.”

“खाल्लं मी, आई. सगळं खाल्लं.”

“म्या सोता भरवलंय तिला,” आत्या आतून आल्या. “माठ खाताना उलटी आली, तरी परत खाल्ला पोरीनं. डोळ्यानं बघितलंय म्या.”

“तुम्ही तिला पाठीशी घालू नका. तुमच्यामुळेच हे. तिला काय काय चारता, मला काय कळत नाही?”

आत्यांचा चेहरा पडला. त्या देवघरापाशी जाऊन बसल्या. आणि मी पोरीला म्हणाले, “आता लावतील सलाइन. खोटारड्या मुलींना तेच.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते दप्तरात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने लाडवाला हात लावला नाही. भाजीचं ताट तसंच परत. आत्यांनी फोन करून सांगितलं, “जेवंना. म्हनती, खाल्लं तरी आई न्हाई म्हनती, मग कशाला खाऊ.” मी मशीनच्या आवाजात एक कान बोटाने दाबून हे ऐकलं. समोर एक ऑपरेटर माप न घेताच खूण करत होता. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही.

चारला घरी आले. औषध तिने घेतलं, जीभ न दाखवता. चहा केला तर बशी सरकवून आत निघून गेली. मी एकटीने प्यायले.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला, पोरीची खालची पापणी ओढून बघितली. दाखल करायचं का, हे मी विचारणार, तोच त्या माझ्याशी न बोलता सरळ तिच्याकडे वळल्या.

“औषध कधी घेतेस गं?”

“चार वाजता. आई आली की.”

“रोज?”

“रोज. आई खोटं म्हणते, पण रोज.”

मी खाली बघितलं.

“आणि मग लगेच काय करतेस?”

“मग आई आणि मी चहा पितो. बशीत.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “रिकाम्या पोटी द्या म्हटलं होतं ना?”

“रिकाम्या पोटीच देते,” मी म्हणाले. “नुसता चहा असतो वर.”

बोलता बोलता मला माझंच बोलणं ऐकू आलं. आमच्यात चहा खाण्यात धरतच नाहीत. कडक उपास असला तरी चहा चालतो. ‘सकाळपासून पोटात काही नाही’ असं सांगणाऱ्या बाईने तीन कप रिचवलेले असतात. सहा ओळींचा तक्ता मी आखला, त्यात चहाची ओळ घालायचं मला सुचलंच नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या, चहाने लोह अंगी लागत नाही, औषधाच्या पाठोपाठ तर मुळीच नको. सहा आठवडे देऊ, चहा पूर्ण बंद, औषध लिंबाच्या सरबताबरोबर, मग ठरवू.

घरात सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. दोष ज्या हातात होता, तो हात रोज चार वाजता धुऊन चमचा धरत होता.

रिक्षात मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “तू सगळं खरं केलं होतंस. चूक माझी होती. चहाची.”

ती बाहेर बघत राहिली. मान न वळवताच म्हणाली, “मग माझा तक्ता का फाडलास?”

घरी येऊन आत्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, “पाया कशाला पडती? म्या पन कदी टोकलं न्हाई. च्या म्हंजी काय, पानीच की,” आणि त्या दिवसापासून त्या स्वतःचा चहा स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याने, पोरीला दिसणार नाही असा पिऊ लागल्या. मी चारचा चहा सोडला. पहिला आठवडा डोकं ठणकायचं आणि मी सगळ्यांच्या अंगावर जायचे. बाल्कनीत मात्र आम्ही बसायचो, औषध, लिंबू सरबत आणि मग कलिंगडाची नाहीतर आंब्याची कांडी घेऊन. पहिले काही दिवस ती नुसती कांडी चोखायची. मग हळूहळू एकेक गोष्ट सांगायला लागली.

नवा तक्ता तिनेच आखला. त्याच सहा ओळी आणि खाली सातवी: ‘आई ओरडली नाही’. मी विचारलं, “ही कुणी भरायची?” ती म्हणाली, “मीच. सगळ्या मीच भरते ना.” पहिल्या आठवड्यात त्या ओळीत सात घरांपैकी दोन खुणा होत्या. दुसऱ्यात चार. मी तक्त्यासमोरून जाताना मान खाली घालून जायचे.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तिसऱ्यांदा रक्त दिलं. सकाळपासून मी सारखी घड्याळ बघत होते. निघताना ती पाण्याची बाटली विसरली आणि परत वर गेली, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मी जिन्यात उभी राहून एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं. ती बाटली घेऊन आली. मध्ये कुठेही न थांबता, धावत. ते मला त्या क्षणी दिसलंच नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. दहा पॉइंट पाच. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, सलाइन नको, औषध असंच चालू ठेवा. मी खाली बसून ढसाढसा रडले. आत्यांनी पोरीची दृष्ट काढली, नवऱ्याने येताना अर्धा डझन हापूस आणले. पोर टाळ्या वाजवत सगळ्या घरभर “सुई नाही, सुई नाही” करत नाचली.

मग ती फ्रिजपाशी गेली आणि हिरव्या पेनाने त्या दिवसाची घरं भरायला लागली. औषध, खूण. भाजी, खूण. लिंबू, लाडू, नाचणी, फळ. सातव्या ओळीपाशी येऊन तिने पेनाला टोपण लावलं.

“अगं, आज तरी कर की,” मी हसत, डोळे पुसत म्हणाले. “आज एवढा आनंदाचा दिवस.”

तिने माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही, साधंच.

“सकाळी ओरडलीस ना जिन्यात,” ती म्हणाली. “मी खोटी खूण नाही करत, आई.”