सातव्या गाण्याचा शेवट

आमच्या हेवी मेटलवाल्यांच्या ग्रुपवर बातमी आली की ती खोटी आहे, असंच मी आता धरून चालतो. कुठल्यातरी परदेशी बँडचा ड्रमर गेला म्हणून सकाळी सहाला मेसेज पडतो. साडेसहापर्यंत तीसेक जणांनी हात जोडलेले असतात. नऊ वाजता तोच ड्रमर नव्या अल्बमचा फोटो टाकतो आणि हात जोडणारेच त्याचं अभिनंदन करतात. मधल्या तीन तासांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हे काम बहुतेक वेळा पिरनवाडीच्या एका सभासदाचं असतं. तो बातमीचा मथळा वाचतो आणि पुढं ढकलतो. आतलं पण वाचत जा, असं सांगून माझं तोंड दुखलं. त्याचं उत्तर ठरलेलं: "तू बी.कॉम. हाईस, तू वाच की."

ते खरंच आहे. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला माणूस. वडगावात आमचे चार माग आहेत. वडील मागावर, काका मागावर, थोरला भाऊ मागावर, आणि मी उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात टेबलावर. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्यामुळं ग्रुपमधलं इंग्रजीचं सगळं काम माझ्याकडं आलं. गाण्यांचे शब्द ऐकून लिहून काढायचे, परदेशातल्या बँडना पत्रं लिहायची, आणि बाहेरच्या लोकांशी भांडायचं. भांडायचं काम मी मन लावून केलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मागाच्या खडखडाटात वाढलास म्हणून तुला हेवी मेटल आवडतं, असं मला आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसानं सांगितलं आहे, आणि प्रत्येकानं हा शोध आपणच लावल्यासारखा चेहरा केला आहे. माझा भाऊ त्याच खडखडाटात वाढला. तो भावगीतं ऐकतो.

ग्रुपमध्ये बेळगाव ते निपाणी पट्ट्यातले साठेक लोक आहेत. निम्मे घरी मराठी बोलणारे, निम्मे कन्नड. आमच्या भागात भाषेवरून वाजायला वेळ लागत नाही, पण ग्रुपवर ते कधी झालं नाही. गिटारवाल्यांवरून भांडण्यातच आमचा सगळा वेळ जातो.

या सगळ्यांना गोळा केलं बोरगावच्या अण्णांनी. अण्णा तंबाखूच्या गोदामात कामाला, वय पन्नाशीच्या पुढं, ग्रुपचे ॲडमिन. पंचवीस वर्षांपूर्वी हुबळीतल्या मित्राच्या खोलीवरून त्यांनी बेंगळूरच्या एका बँडची कॅसेट भरून आणली. त्या बँडनं आयुष्यात एकच कॅसेट काढली आणि तो मोडला. अण्णांच्या कॅसेटवरून दुसरी भरली, दुसरीवरून दहा झाल्या, मग सीडी आली, मग आमच्यातल्याच कुणीतरी ती इंटरनेटवर चढवली. आमच्या भागात ज्याला ज्याला हा नाद लागला त्याला तो त्या एका कॅसेटवरून लागला. ती कशी भरली हे अण्णा दरवर्षी एकदा तरी सांगायचे. टेपरेकॉर्डरला कान लावून बसलो होतो, पापणी लवली नाही, पाणीसुद्धा प्यायलो नाही.

या कॅसेटच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं म्हणजे सातवं. ते चढत चढत जातं, गाणारा किंकाळी वर नेतो, ड्रम दुप्पट होतो आणि ऐन तिथं कात्रीनं कापल्यासारखं संपतं. एका ठोक्यावर. अण्णांचं यावर एक भाषणच होतं. दुसरा कुणी असता तर आवाज बारीक करत करत नेला असता, ह्यांनी सरळ तोडलं, त्याला छाती लागती. आम्ही ती तोड पाठ केली होती. मान हलवत यायचं आणि त्या ठोक्यावर दगडासारखं थांबायचं. नवा माणूस ग्रुपमध्ये आला की त्याला आम्ही या ठोक्यावर पारखून घ्यायचो. अर्धा ठोका पुढं गेला तर हसायचो.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरचा एक जण ग्रुपमध्ये आला. आठवडाभर गप्प होता. मग त्यानं अगदी सभ्यपणानं लिहिलं की हे गाणं पुढं चारेक मिनिटं आहे, माझ्याकडं मूळ कॅसेट आहे, हवी तर ऐकवतो. मी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं. एक स्क्रीन भरून. त्यात मी त्याला खोटारडा म्हणालो नाही, पण वाचणाऱ्याला दुसरा शब्द सुचू नये अशी सोय केली. अण्णांनी त्याला ग्रुपमधून काढलं. माझ्या उत्तराला जेवढे अंगठे मिळाले तेवढे मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

मागच्या वर्षी तोच बँड एका कार्यक्रमापुरता पुन्हा एकत्र आला. बातमी पिरनवाडीवाल्यानं टाकली, म्हणून तीन दिवस कुणी विश्वास ठेवला नाही. शेवटी मी बेंगळूरला हॉलवर फोन लावला. खरी होती. त्याच्या जन्मातली पहिली खरी बातमी, आणि तिची तिकिटं निम्मी संपलेली.

अण्णा येणार नव्हते. त्यांचा डावा कान गेलेला आहे आणि उजव्यात सारखी शिट्टी वाजते. तोही कमी होत चाललाय. मोठ्या आवाजाजवळ जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. ग्रुपवर त्यांनी एवढंच लिहिलं की तुम्ही जावा, सांगायची पाळी वडगावची.

हे सांगणं म्हणजे आमचा रिवाज. पूर्वी कार्यक्रमाला एखाद्यालाच जाता यायचं. तो परत आला की पुढच्या रविवारी सकाळी निपाणीत स्टँडजवळच्या हॉटेलात बसायचं आणि त्यानं पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सगळा कार्यक्रम तोंडानं सांगायचा. क्रमानं. फोन काढायचा नाही. गाणं सुटलं तर मागं जायचं. आता प्रत्येकाच्या खिशात व्हिडिओ असतात, तरी सांगणं सुटलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला फोन केला. बाकीचं कसंही सांग, पण सातवं गाणं नीट बघ म्हणाले. "त्या तोडीवर ड्रमवाला काठ्या वर धरतोय का खाली ठेवतोय, तेवढं बघ. मला आता ते तुझ्याच डोळ्यांनी दिसायचं." मी हो म्हणालो.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही दहा जण. हिरेबागेवाडी यायच्या आधीच दोघांचं बोलणं बंद झालं, कारण एकानं दुसऱ्याच्या आवडत्या बँडला लग्नातला बँड म्हटलं. खिडकी उघडी का बंद यावरून धारवाडपर्यंत भांडण. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसलो आणि पदवी घेतल्याचा मला तेवढ्यापुरता पश्चात्ताप झाला, कारण प्रत्येक भांडणात निवाडा मलाच विचारत होते.

हॉल बरा होता. बँडमधली माणसं जाड झालेली, एकाचे केस गेलेले, पण वाजवत होती ती जीव तोडून. सहावं संपलं. सातवं सुरू झालं आणि आम्ही दहाही जण एका रांगेत आलो, कुणी न सांगता. फोन वर. गाणं चढलं, किंकाळी वर गेली, ड्रम दुप्पट झाला. तो ठोका आला. आम्ही दगड झालो. आणि मग, इतकी वर्षं मनात साठलेलं, शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या, सगळं बाहेर आलं.

बँड वाजवत होता.

म्हणजे ड्रम थांबला होता, पण एक गिटार चालू होती, अगदी हळू, आणि हजारभर लोक श्वास धरून ती ऐकत होते. त्यात आमच्या दहा जणांच्या शिट्ट्या. पुढच्या एका माणसानं मागं वळून कन्नडमध्ये गप्प बसायला सांगितलं, जसं लग्नात जेवणाच्या पंगतीत पोरांना सांगतात तसं. मग गाणारा गायला लागला आणि सगळा हॉल त्याच्याबरोबर गायला लागला. त्यांना शब्द येत होते. गाण्याचे सगळे शब्द लिहून काढणारा मी, मला यातला एकही माहीत नव्हता.

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं नाही, यावरून काय ते समजावं. पुष्कळ वेळानं कुणीतरी व्हिडिओ बघायला घेतला. मग दुसऱ्यानं. दहा फोन, दहा व्हिडिओ, आणि सगळे एकाच ठोक्यावर बंद केलेले. टाळ्या वाजवायला हात मोकळे हवे होते ना. पुढची चार मिनिटं कुणाकडंच नव्हती.

पिरनवाडीवाला म्हणाला, "सांगू नको रं अण्णास्नी. काठ्या वर धरल्यात म्हण आणि सोड."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. रोज सकाळी खोट्या बातम्या वाटणाऱ्या माणसानं मला कधी नव्हे ते एकदा विचार करून खोटं बोलायला सांगावं, याचा मला इतका राग आला की मी हावेरीपासून घरापर्यंत तोंड उघडलं नाही.

रविवारी निपाणीत बसलो. अण्णा माझ्या डाव्या हाताला, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडं. मी पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्यात गिटारची तार तुटली ते सांगितलं, पाचव्यात गाणारा शब्द विसरला ते सांगितलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. सातव्याला त्यांनी नेहमीसारखा हात वर केला, तोडीवर खाली आणायला. मी किंकाळीपर्यंत आलो, त्यांचा हात खाली आला.

"काठ्या?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, गाणं तिथं संपत न्हाय."

"म्हंजे?"

"पुढं हाय. चार-पाच मिनटं."

"आता नवीन जोडलं असंल त्यांनी."

"न्हाय. लोकास्नी शब्द पाठ हुते. सगळा हॉल म्हणत हुता."

टेबलावरचे बाकीचे सगळे एकदम फोनमध्ये शिरले. अण्णांनी बशी उगाच फिरवली. मग बशीकडं बघतच म्हणाले, "साठची कॅसेट हुती. दुकानात नव्वदची नव्हती."

साठच्या कॅसेटला एक बाजू अर्ध्या तासाची. टेप संपली आणि गाणं कापलं गेलं. दुसरी बाजू लहान होती, ती पुरती बसली, म्हणून कुणाला शंका आली नाही. एवढी साधी गोष्ट. पण मी गप्प बसणारा नव्हे. मी म्हणालो, "पण तुमी तर कान लावून बसलातासा म्हणत हुता. टेप संपल्याली कळली न्हाय?"

"चहाला गेलतो," अण्णा म्हणाले.

पंचवीस वर्षं. एक अख्खा भाग त्या ठोक्यावर माना थांबवत होता, नव्या पोरांना हसत होता, कोल्हापूरच्या माणसाला मी इंग्रजीत सोलून काढला होता, आणि हे हुबळीत कोपऱ्यावर चहा पीत उभे होते. मी हे सगळं त्यांना तिथल्या तिथं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं? आता पुढचं सांग. क्रमानं."

रिवाज रिवाजच. मी सांगितलं. ड्रम थांबतो, गिटार राहते. ते कसं वाटतं हे सांगायला मला शब्द सापडेनात, आणि शेवटी जे मी जन्मभर टाळत आलो तेच तोंडात आलं. म्हटलं, आमच्याकडं वडगावात सगळे माग चालू असताना अचानक लाईट जाते. गल्लीतला एकूण एक माग बंद. कान रिकामे होतात आणि मग शेजारच्या घरात कुणीतरी भांडं ठेवलेलं ऐकू येतं. तसं. ते भांडं म्हणजे ती गिटार.

अण्णा म्हणाले, "माझ्या कानात लाईट जातच न्हाय बघ." आणि लगेच, "त्या कोल्हापूरवाल्याकडं मूळ कॅसेट हुती न्हवं? बारीक आवाजात ऐकायला डॉक्टर अडवत न्हाईत. उजवा चालतोय तवर ऐकून घेतो. तू माफी माग त्येची."

"काढलं तुमी त्येला."

"काढलं मी, पण लिवलं तू."

मी माफी मराठीत लिहिली. इंग्रजीत लिहायला घेतली होती, पण त्या भाषेत मला भांडणं जास्त चांगलं जमतं असं दिसलं. काही लपवलं नाही. साठची कॅसेट, दहा व्हिडिओ, चहा, सगळं लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्यानं वाचलं होतं, पण उत्तर नाही. अण्णा रोज सकाळी मला एकच मेसेज करायचे, "आलं का?" मधेच पिरनवाडीवाल्यानं ग्रुपवर टाकलं की तो कोल्हापूरचा माणूस दुबईला गेला. सहा जणांनी त्याला शुभेच्छाही दिल्या. तो ग्रुपमध्ये नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवव्या दिवशी उत्तर आलं. माणूस कोल्हापुरातच होता. त्यानं लिहिलं होतं, "रविवारी दोघंच या. कॅसेट चालू असताना कुणी उठायचं नाही."

मी ते तसंच अण्णांना पाठवलं. मिनिटाच्या आत त्यांचं उत्तर आलं, "चहा आधीच पिऊन जाऊ."