फट बुजवण्याआधी

लांबीकाका उंचीने बेताचेच. भिंतींच्या फटी लांबी भरून बुजवायच्या, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा, म्हणून हे नाव चिकटलं आणि त्यांच्या हातच्या लांबीसारखंच पुन्हा सुटलं नाही. त्यांचं खरं नाव आता फक्त काकूंना ठाऊक, आणि त्यांनी तरी ते कधी घेतलंय म्हणा.

काकांची एक सवय होती. कुठलीही फट भरायच्या आधी ते लांबी ओढायच्या पत्र्याच्या मुठीने भिंतीवर तीनदा टकटक करत आणि भिंतीला कान लावून मिनिटभर उभे राहत. बरोबरचे रंगारी हसायचे.

"काका, काय म्हणते भिंत?"

"म्हणते, तुझा ब्रश आधी धू. वाळून काठी झालाय."

हसण्यावारी न्यायचं एवढंच. ही सवय कुठून लागली, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही. आणि काकूंपासून काही लपवून ठेवणं म्हणजे चेष्टा नाही. खिशातल्या दोन लिमलेटच्या गोळ्यासुद्धा ती बाई वासावरून ओळखायची.

त्या वर्षी एका चार मजली इमारतीचं रंगकाम काढलं होतं. बाहेरून परांची बांधलेली. इमारतीचे दोन भाग जिथे जोडले होते, तिथे चौथ्या मजल्याच्या छज्ज्याखाली चार बोटं रुंद अशी एक उभी फट होती. रंगाच्या आधी ती काकांनी भरायची होती. ते परांचीवर चढले, टकटक केलं, कान लावला. आतून बारीक किचकिच ऐकू आली. वटवाघळं होती. मोठ्यांचा आवाज काकांच्या ओळखीचा होता, पण त्याच्या तळाशी आणखी एक पातळ आवाज होता, थांबून थांबून येणारा. काका जागच्या जागी थिजले.

तेवढ्यात पायाजवळच्या फळीवर काहीतरी हललं. अंगठ्याच्या पेराएवढं पिल्लू, अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, एका पंखाच्या नखाने फळीच्या कडेला धरून लोंबकळत होतं. काकांनी हातमोजे चढवले, वरून फडकं गुंडाळलं (उघड्या हाताने या प्राण्याला शिवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं) आणि पिल्लू अलगद उचलून फटीच्या काठावर टेकवलं. ते थोडा वेळ तिथेच बसून राहिलं. मग आतून कुणीतरी पुढे सरकलं आणि पिल्लू आईच्या पोटाशी दिसेनासं झालं.

काका लांबीचा डबा न उघडताच खाली उतरले.

खाली सेक्रेटरी उभेच होते. माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची हौस दांडगी.

"झाली का फट?"

"नाही. आत पिल्लं आहेत. अजून उडत नाहीत. तीन आठवडे थांबायला लागेल."

"तीन आठवडे? अहो, शनिवारी परांची उतरणार! मग तिथे पोचणार कोण? आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई मला रोज धुतात. त्यांच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या प्रत्येक चादरीवर लेंड्या." सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "हे बघा, मलाही कुणाचा जीव घ्यायचा नाही. संध्याकाळी सगळी बाहेर पडली की भरून टाका. घर रिकामंच असतं. पाप नाही, ताप नाही."

बावीस वर्षांपूर्वी हे असंच, अगदी याच शब्दांत, काका स्वतः बोलले होते.

"मी नाही भरणार," ते म्हणाले.

"मग दुसरा भरेल. शुक्रवारपर्यंत बघतो मी वाट."

"परांची खुशाल उतरवा. तीन आठवड्यांनी मी गच्चीवरून दोराने उतरून भरतो."

बोलून गेले, आणि लगेच त्यांची जीभ दाताखाली आली. सहा वर्षांपूर्वी दोरावरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, आत सळई घालावी लागली होती. तीन महिने काकूंनी त्यांना कुशीवर वळवलं, भरवलं, उचलून बसवलं. आणि उठून पहिलं पाऊल टाकलं त्या दिवशी त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की परांचीवर काय चढायचं ते चढा, दोराला पुन्हा हात लावायचा नाही.

घरी आल्यावर काकांनी गुपचूप माळ्यावरून दोर काढला. गुपचूप म्हणजे त्यांच्या मते. काकू शिवणाचं मशीन थांबवून बघतच होत्या. पडदे शिवायचा त्यांचा धंदा, नजर सुईच्या टोकासारखी.

"दोर कशाला?"

"असाच. वाळवी लागली का बघत होतो."

"नायलॉनला वाळवी?"

काका खाली बसले. दोर मांडीवर तसाच. आणि बावीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं ओठांवर आलं.

"तेव्हा नुकती कुठे स्वतःच्या नावावर कामं मिळायला लागली होती. एका घराच्या भिंतीत अशीच वटवाघळं होती. मला वाटलं, आपण फार शहाणे. संध्याकाळी सगळी उडून जाईपर्यंत थांबलो, मग भरली फट. एकही मारलं नाही म्हणून खुशीत घरी आलो, तुला गजरा आणला होता त्या दिवशी. सकाळी दुसरा हात मारायला गेलो तर लांबीवर ओरखडे. सगळ्या फटीभर. ओल्या लांबीवर रात्रभर नखं मारली होती त्यांनी. आयांनी. पिल्लं आत राहिली होती गं. घरातली बाई म्हणाली, भिंतीत काहीतरी वाजतंय. मी कान लावला. आणि मी..."

काकू मशीनवरून उठून त्यांच्याशेजारी येऊन बसल्या.

"मी म्हणालो, उंदीर असतील. काम जाईल म्हणून भ्यालो. आणि ओरखड्यांवरून दुसरा हात मारला. तीन दिवसांनी पैसे घ्यायला गेलो, तर बाई म्हणाली, आता शांत आहे."

काकूंनी विचारलं, "इतकी वर्षं एकट्याने वागवलंत?"

"तुला कोणत्या तोंडाने सांगायचं?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार होतात?" काकूंनी डोळे पुसले आणि दोर त्यांच्या मांडीवरून उचलला. काकांना वाटलं, परवानगी मिळाली. पण काकूंनी तो सरळ माळ्यावर फेकला. "शब्द तो शब्द. तुम्ही दोरावर उतरायचं नाही, आणि त्या फटीतलं एकही पिल्लू मरायचं नाही. आता मला नीट सांगा, तीन आठवड्यांनी तिथे नेमकं करायचं काय?"

काकांनी सांगितलं. फटीवर बारीक, गुळगुळीत जाळी सोडायची. वर आणि दोन्ही बाजूंनी बंद, खाली मोकळी. आतली सरपटत खाली येऊन उडून जातात. परत येतात ती सवयीने फटीपाशीच, आणि तिथे वाट नसते.

"म्हणजे पडदाच की," काकू म्हणाल्या. "पडदा काय लागेल त्या दिवशी शिवून लावतात? आत्ता परांची आहे तोवर वर गुंडाळून लावून टाका. दोन्ही बाजूंना ताणलेली तार, जाळीच्या कडांना कड्या. दोरी गच्चीवर ठेवा. वेळ आली की सोडायची."

चाळीस वर्षांचा कारागीर तोंड वासून बघत राहिला.

काकूंनी दोन दिवसांत जाळी शिवली. खालच्या पट्टीत वजनाला लोखंडी वायसर घातले. शुक्रवारी काकांनी ती फटीच्या वर गुंडाळून बसवली. परांची उतरायच्या आधी मागच्या भिंतीवर जुन्या खरबरीत फळ्यांची दोन चपटी खोकी, तोंड खाली करून, वटवाघळांना नवं घर म्हणून ठोकली. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र काकांचं सगळं ऐकून घेतलं. पिल्लाची गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "एकवीस दिवस चादरी आत वाळवते. बाविसावा दिवस मोजणार नाही, सांगून ठेवते."

मग रोज दिवेलागणीला काका आणि काकू गच्चीवर. फटीतून एकेक बाहेर पडायचं आणि काकू मोजायच्या. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस. काकांचे डोळे अधू, त्यांची अठ्ठाविसावरच गाडी अडायची. पंधरवड्यानंतर आकडा वाढू लागला. पन्नास, अठ्ठावन्न. नवी पिल्लं ओळखू यायची, गच्चीच्या कठड्याला आपटता आपटता वाचायची. एकविसाव्या दिवशी काकूंनी त्र्याहत्तर मोजली, आणि सलग तीन संध्याकाळी तो आकडा हलला नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी बाविसावा, तेविसावा दिवस खरंच मोजला नाही. त्या स्वतःच वर येऊन खुर्ची टाकून बसल्या होत्या.

चोविसाव्या दिवशी, ऊन असतानाच, काकांनी दोरी सोडली. जाळी हातभर खाली आली आणि अडकली.

काकांनी दोरी ओढली, हिसडा दिला. जाळी हलेना. त्यांनी कठड्यावर एक पाय टाकला. "नुसता वाकून मोकळी करतो."

काकूंनी मागून त्यांचा सदरा मुठीत घट्ट धरला. "खाली."

"अगं, एवढंसं तर—"

"खाली म्हटलं ना! ओढू नका. पडद्याची कडी ओढून कधी सुटलीय? आडवी झुलवा."

काकांनी पाय खाली घेतला आणि दोरी आडवी झुलवली. एकदा, दोनदा. कडी तारेवरून घसरली आणि जाळी सरसर खाली उतरून फटीवर ताठ उभी राहिली. काकूंनी सदरा सोडला तेव्हा त्याच्या पाठीवर मुठीची चुणी तशीच राहिली होती.

आठवडाभर त्या मोजत राहिल्या. पहिल्याच संध्याकाळी जाळीखालून त्र्याहत्तरही बाहेर पडली; दुसऱ्या दिवशी तिथून निघाली ती चुकून परत शिरलेली पाच, मग एक, मग कुणीच नाही. मागच्या भिंतीशी खोक्यांखाली लेंड्या सापडल्या, तेव्हा काकूंनी काकांना अशी हाक मारली की अर्धी इमारत खिडकीत आली.

शेवटच्या दिवशी लांबीचा डबा घेऊन, फट आतल्या बाजूने भरायला, काका चौथ्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. आतल्या खोलीत कपाट सरकवलं, फटीलगतच्या भिंतीवर तीनदा टकटक केलं आणि कान लावला. मिनिट झालं, दोन झाली. काकू दारात उभ्या होत्या.

"काही ऐकू येतंय का?"

"नाही," काका म्हणाले. "शांत आहे."

आणि तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्यांनी कान पुन्हा भिंतीला टेकवला. अशीच शांतता त्यांनी एकदा ऐकली होती, आणि बावीस वर्षं प्रत्येक भिंतीत पुन्हा शोधली होती. काकू जवळ आल्या. बाजूला उभं राहून त्यांनीही भिंतीला कान लावला, आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, "सगळी बाहेर आहेत. मी मोजलीत."