लाल शर्टातला पाहुणा

ऑकरशॉच्या कारखान्यात तोफगोळे घासणारा सेथ ऑलरेनशॉ शनिवारी फुटबॉल खेळायचा, आणि महायुद्धाच्या कृपेने कुठल्याही गावाकडून खेळायचा. माणसं आघाडीवर गेलेली. ज्या संघात माणूस कमी, तो सेथला उसना नेई. निळा, पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा, सगळे शर्ट घालून झाले. आपल्या गावाचा लाल तेवढा अंगाला लागला नव्हता. शेजारच्या छावणीत नामांकित खेळाडू शिपाई होऊन पडलेले. त्यांच्यापुढे घरच्या पोराला कोण विचारतो!

हेही त्याने गिळलं असतं. पण त्याचा जीव जडला होता त्या एडिथचा बाप, गावच्या मैदानाची निगा राखणारा अ‍ॅमॉस क्लेग, हटून बसला होता. "लाल शर्टात एक गोल कर, मग पोरगी माग. बारा गावचं पाणी प्यालेला जावई मला नको."

एका शनिवारी छावणीतून कुणाला सुट्टी मिळेना आणि गावाच्या संघात सेथची वर्णी लागली. गडी सकाळपासून हवेत तरंगत होता. तेवढ्यात पाहुणा संघ आला, एक माणूस कमी घेऊन. त्यांची कपड्यांची पेटीही रेल्वेने भलतीकडेच नेलेली. रिवाजाप्रमाणे यजमानांनी माणूस द्यायचा. सगळ्यात नवा कोण? सेथ.

"आणि कपडे?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"आपल्याकडे दोनच जोड," कप्तान म्हणाला. "लाल चांगला आहे, तो पाहुण्यांना. आपण जुना पांढरा घालू."

असा सेथ लाल शर्टात आपल्याच गावावर तुटून पडला. खेळ संपता संपता चेंडू पायाशी आला, त्याने डोळे मिटून लाथ घातली आणि चेंडू जाळ्यात. लाल दिसला की ओरडायचं, ही गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची खोड. सगळं मैदान बेभान नाचलं. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला आणि चिडीचूप झालं. गाव हरलं होतं.

संध्याकाळी क्लेगांच्या घरी, बटाटे भरून भाजलेली पाई ताटाशी येताच सेथने एडिथला मागणी घातली.

"तो गोल धरायचा नाही," अ‍ॅमॉस गुरगुरला. "आमच्यावरच केलास, बेशरमा."

"बरं बाबा," एडिथ त्याच्या उघड्या टकलाकडे बघत म्हणाली, "पण गोल झाल्यावर हवेत उडवलेली तुमची टोपी अजून सापडली का?"

अ‍ॅमॉसने टकलावर हात फिरवला. मग पाईचा मोठा तुकडा कापून सेथच्या ताटात वाढला.