सड्यावरच्या कुरडया

माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही गिचमिड आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

माझं माहेर पाटणकडच्या डोंगरात. तिथल्या डोंगरांना शेंडा नसतो. चहूबाजूंनी उभे कडे आणि वर अंगणासारखा सपाट कातळ. त्या सपाटीला आम्ही सडा म्हणतो. दारात शिंपडतात तो सडा वेगळा. उन्हाळ्यात सगळ्या बायका वाळवण घालायला सड्यावर जायच्या. कातळ असा तापायचा की सकाळची कुरडई संध्याकाळी कडकडीत.

लग्नानंतर मी विश्रांतवाडीत आले. यंदा पहिल्यांदाच कुरडयांची ऑर्डर घेतली. गव्हाचे पैसे नारायण पेठेतल्या नणंदेकडून उसने आणले. गहू भिजवला, वाटला, चीक काढला आणि शिजवायच्या दिवशी सकाळी कळलं, गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली घेऊन चेअरमन गावाला गेलेत. चीक थांबत नाही, आंबतो. गहू वाया गेला असता, मग पैसे कुठून फेडणार?

शेजारीण म्हणाली, "धानोरीकडच्या टेकडीवर नुसती सपाटी आहे. चल."

चीक शिजवून पातेलं गोधडीत गुंडाळलं. हे, शेजारीण आणि मी पायथ्यापर्यंत रिक्षाने गेलो. पुढे ह्यांनी ते डोक्यावर घेतलं. चढ अगदी उभा. हे धापा टाकत म्हणाले, "अगं, लग्नात तुलासुद्धा एवढं उचललं नव्हतं." शेजारीण हसत हसत वाटेतच बसली.

वर पोचल्यावर मी ओरडलेच, "अहो, हा तर सडा!" एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नाही.

जुन्या साड्या अंथरल्या, सोऱ्याने कुरडया घालायला लागलो. आनंदाच्या भरात मी वारा विसरले. गावाकडे कड सोडून आत बसायची पद्धत, आणि इथे मी नेमकी कडेलाच बसले. वारा सुटला नि साडी कुरडयांसकट उचलली गेली. तिघांनी तीन टोकं धरली, चौथं हवेत. तेवढ्यात फिरायला आलेले एक आजोबा शांतपणे त्या टोकावर येऊन बसले.

"इथे एवढ्या सूचनांच्या पाट्या आहेत. वाळवण घालू नये, एवढीच लावायची राहिलीय."

"लागेपर्यंत घालतो, आजोबा," शेजारीण म्हणाली.

"घाला. मी उठू का, की मलाही वाळवताय?"

मग सगळं आत सरकवलं, साड्यांच्या टोकांवर दगड ठेवले. आजोबा मला म्हणाले, "मघाशी सडा म्हणालात. आम्ही याला पठार म्हणू."

"आमच्याकडे सडाच," मी खाली बघत म्हटलं.

"शब्द छान आहे."

मी त्यांना वाटीत गरम चीक तेल घालून दिला. तो खाऊन ते काठीने कावळे हाकलत बसले. घरून फोन आला तेव्हा म्हणाले, "अगं, उशीर होईल. नोकरी लागलीय मला." मी इतकी हसले की सोऱ्या हातातून सुटला.

उन्हं कलेपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या. त्या आठवड्यातच ऑर्डर पोचवली, पैसे घेतले आणि तशीच नारायण पेठेत गेले.

नणंद म्हणाली, "सावकाश दिले असतेस तरी चाललं असतं गं."

"मला नसतं चाललं, वन्सं," मी म्हटलं, आणि सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले. काही बाकी राहिलं नाही.