मी मेश्रामकाकांना सस्पेंड केलं

गेल्या रविवारी दुपारी शहराबाहेरच्या बीरगांवला गेले होते... माफी मागायला. ज्यांची माफी मागायची होती, त्यांना त्याआधी मी कधी समोरासमोर पाहिलंही नव्हतं.

जुने कॉम्प्युटर घरी दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचा एक मराठी फोरम आहे. नागपूर, भिलाई, नाशिक, कुठून कुठून माणसं येतात. दीड वर्षापासून मी तिथे मॉडरेटर आहे.

तिथला एक नियम मी स्वतः लिहिला आहे. विषय सोडून बोलायचं नाही... राजकारण, जात, धर्म, काहीही नाही. कुणी प्रिंटर अडकला म्हणून विचारावं आणि दहाव्या उत्तराला निवडणुकीवर भांडण सुरू व्हावं, असे किती ग्रुप बंद पडताना पाहिले होते मी. हा एक तरी स्वच्छ ठेवायचा, असं मनाशी ठरवलं होतं.

मेश्रामकाका तिथले जुने मेंबर. उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झालेले. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमचा सेकंडहँड डेस्कटॉप दर दहा मिनिटांनी बंद पडायचा. काकांनी चार दिवस मेसेजवर मेसेज लिहून माझ्याच हातून तो दुरुस्त करून घेतला.

बाबा गुढियारीच्या मालधक्क्यावर कामाला. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली... त्यात काकांचा किती वाटा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी मॉडरेटर झाल्यापासून काका मला गमतीने 'मॉडरेटर मॅडम' म्हणायचे.

दोन महिन्यांपूर्वी पॉवर सप्लायवर चर्चा चालू होती. काकांनी लिहिलं, बंद केल्याकेल्या तो उघडू नका, आत करंट साठून राहतो. त्यावर एका मेंबरने व्होल्टेजबद्दल बरंच काही लिहिलं आणि शेवटी एक ओळ टाकली... "बाकी काका, कोट्यातून लागलेल्यांना करंटची भीती वाटणारच." पुढे हसरा इमोजी.

काकांनी उत्तर दिलं. मोठंच्या मोठं. नोकरी लागल्यावर दोन वर्षं त्यांना पॅनेलला हात लावू दिला नव्हता, दुसऱ्यांच्या मागे उभं राहून ते काम कसे शिकले, सगळं. त्यात पॉवर सप्लायबद्दल एक शब्द नव्हता.

चार जणांनी काकांची पोस्ट रिपोर्ट केली. कारण... विषयांतर. त्या दुसऱ्या पोस्टला कुणीच रिपोर्ट केलं नव्हतं. मी नियमाने मोजलं. त्याची एक ओळ सोडली तर बाकी सगळं विषयाला धरून होतं. काकांचं सगळंच विषयाबाहेर. मी काकांची पोस्ट काढली, सात दिवसांसाठी सस्पेंड केलं आणि तयार असलेला मेसेज पाठवून दिला.

अजून एक गोष्ट होती... तीही सांगते. काकांचं आणि माझं आडनाव ऐकून कुणीही सांगेल की आम्ही एकाच समाजाचे आहोत. 'आपल्या माणसाला सोडलं' असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जास्तच कडक झाले.

सात दिवस संपले, काका आले नाहीत. महिना गेला, तरी नाहीत. शेवटी त्यांच्याच एका जुन्या मित्राकडून पत्ता घेतला.

दार काकूंनी उघडलं. मी नाव सांगताच आतून आवाज आला, "अरे, मॉडरेटर मॅडम! ये नं बेटा, बस." काका टेबलावर एक जुना रेडिओ उघडून बसले होते. मी बोलायला सुरुवात केली आणि रडूच यायला लागलं.

"अवं, तू काहून रडून राहिली? नियमच होता नं तो."

काकू मात्र गप्प बसल्या नाहीत. "नियम म्हणे! आठ दिवस धड जेवले नाही हे. जनमभर कारखान्यात टोमणे ऐकले. तुमच्या त्या फोरमवर फक्त मशीनची गोष्ट होते म्हणून खुश होते... दिवसभर तेच."

म्हणजे माझा नियम सगळ्यात जास्त कुणाला हवा होता, तर काकांना. हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं.

काकांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक सांग पोरी. ते लाईन तुले दिसली नसन नं? इतकं सारं लिहिलं होतं त्यानं... राहून गेली असन वाचायची."

मला 'हो' म्हणता आलं असतं. त्यांना तेच ऐकायचं होतं.

"दिसली होती, काका," मी म्हटलं.

"हव," एवढंच म्हणाले ते. स्क्रू-ड्रायव्हर परत उचलत काकूंना म्हणाले, "चाय ठेव वं, पोरगी दुरून आली."

घरी आल्यावर मी काकांची पोस्ट परत लावली. ती टोमण्याची ओळही तशीच राहू दिली आणि त्याखाली मी काय केलं ते माझ्या नावाने लिहिलं. त्यावर दोन दिवस भांडण चाललं, विषय सोडूनच... मी एकही उत्तर काढलं नाही. काकांचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

सारखं मनात येतं, त्या दुपारी खोटं बोलले असते, तर काका परत आले असते. मला सुटायला वाट त्यांनी स्वतःच करून दिली होती.

निघताना ते माझ्यासोबत रोडपर्यंत चालत आले. ऑटोवाल्याला म्हणाले, "भैया, आराम से ले जाना, बिटिया है हमारी." ऑटो वळेपर्यंत उन्हात तिथेच उभे होते... त्यांच्या त्या उभं राहण्याचे आभार कसे मानायचे, मला अजून कळलेलं नाही.