वॉट जुळवणारे साडू

आमच्या साडूंइतकं दमवणारं माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरं नसेल. मंगळवार पेठेत त्यांचं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सबवूफरला जुळली पाहिजे, एवढं एकच सत्य त्यांना मान्य आहे. दोन हजार वॉट छापलेलं खोकं कुणी मिरवत आणलं, की ते आधी बाहेर ठेवायला लावतात. "ह्यो आकडा क्षणभराचा. सलग किती झेपतंय त्ये मागं बारीक अक्षरात असतंय की, त्ये वाचा!" गिऱ्हाईक वाचतं, तीनशे निघतात आणि त्याचं तोंड एवढंसं होतं. पुतणीला सांगून आलेलं एक चांगलं स्थळही त्यांनी "नुसता खोक्यावरचा आकडा हाय" म्हणून परत पाठवलं होतं.

एकदा मी शहाणपणा केला. गाडीतल्या तीनशेच्या सबवूफरला शंभराचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला. ताकद कमी म्हणजे धोका कमी, अशी माझी समजूत. आवाज पुरेना म्हणून बटण शेवटपर्यंत पिळलं, आवाज फाटत राहिला आणि आठवड्यात सबवूफरमधली तारेची कॉईल जळाली. साडूंनी ती माझ्या नाकाशी धरली. "पावणं, जादा ताकद जपून वापरली तर चालती. दम नसताना वरडलं की जळतंय!" हे व्याख्यान त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही म्हणून दाखवीन.

गेल्या महिन्यात गारगोटीहून एक जण नवा सबवूफर घेऊन आला. साडूंनी आकडे जुळवले आणि डोळे मिटून आवाज वाढवत गेले. ताकद मोजायला मीटर असला, तरी आवाज कुठं फाटतो ते त्यांचा कानच सांगायचा. आवाज फाटला. मला कळलं, गिऱ्हाइकाच्याही कपाळाला आठी पडली. साडू मात्र हसत होते. "कसं स्वच्छ हाय बगा!" बोटं बटण पुढं सरकवतच होती. बोलावं तर चारचौघांत त्यांची लाज, गप्प बसावं तर त्या बिचाऱ्याची कॉईल. मी मुकाट्यानं हात घालून बटण मागं घेतलं.

गिऱ्हाईक गेल्यावर साडू पुसलेलंच टेबल पुसत राहिले.

"कवापासनं फाटत हुतं?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"खोटं बोलू नगासा." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "रविवारी गर्दी असती. येत जावा की, पावणं."

फार वाईट वाटलं मला. आता दर रविवारी जातो, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसतो. दमायला होतं. आवाज फाटला की मी हळूच त्यांच्या दंडाला हात लावतो, आणि उभ्या जन्मात कुणाचं न ऐकलेला हा माणूस काही न विचारता बटण मागं घेतो.